१२३४५६७८९८७६५४३२१ : डोंबिवली स्टेशनवरून नाव पडलेली संख्या, आणि एक्सेल तिचा शेवट का खातं?

फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडा. १ हा आकडा नऊ वेळा दाबा, म्हणजे १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा.

कागदावर हा गुणाकार केला तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, संख्या तीच.

तुमच्या फोनने मात्र कदाचित वेगळंच काही दाखवलं असेल. शेवटी ३२१ च्या जागी ३२० आलं असेल, ३०० आलं असेल, किंवा '१.२३४५६७९ई१६' असं काहीतरी विचित्र. फोन बिघडलेला नाही. तो असं का करतो हे आपण पुढे बघणार आहोत, कारण त्याचा संबंध थेट तुमच्या बँक खात्याच्या नंबराशी आहे.

सुरुवात या संख्येपासून करू. व्हॉट्सअ‍ॅपवर ती 'गणितातला चमत्कार' म्हणून फिरत असते. पण तिचा अभ्यास करणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातला होता आणि अशा संख्यांना त्याने दिलेलं नाव मध्य रेल्वेच्या एका स्टेशनावरून आलंय, हे त्या फॉरवर्डमध्ये सहसा नसतं.

आधी ही संख्या वाचायची कशी?

संख्येत एकूण १७ आकडे आहेत. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती अशी दिसते : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.

कोटीच्या भाषेत सांगायचं तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख, ५४ हजार, ३२१. म्हणजे साधारण '१२३ कोटी कोटी'. रोजच्या व्यवहारात आपली गाडी कोटीवर थांबते, म्हणून कोटी हा शब्द दोनदा वापरावा लागतो.

जुन्या गणितात ही अडचण नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत १८ स्थानांना वेगवेगळी नावं आहेत. एकं, दहं, शतं, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रत्येक स्थान आधीच्या दहापट.

या यादीप्रमाणे आपली संख्या 'मध्य' या सतराव्या स्थानापासून सुरू होते. १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू असं करत ९ अर्बुदांवर शिखर येतं आणि तिथून उतार लागतो. परार्धाला फक्त एक स्थान कमी पडतं.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला होता. त्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

आता ही संख्या केवढी, याचा अंदाज घेऊ. इतके सेकंद मोजायचे ठरवले तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आपल्या वऱ्हाडातली काळी कपाशीची माती ज्या खडकापासून बनली, तो दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. हे मोजणं आज संपवायचं असेल, तर त्या लाव्ह्याच्याही सुमारे सहापट मागे जाऊन सुरुवात करायला हवी होती.

हा डोंगर तयार होतो कसा?

यात चमत्कार काही नाही. शाळेत शिकलेला उभा गुणाकार आठवा. समजायला सोपं जावं म्हणून छोटी संख्या घेऊ : ११११ × ११११.

११११ ला १ ने गुणलं की ११११ च येतात. म्हणजे चार ओळींमध्ये तेच ११११ लिहायचे, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवायची. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ येतो. दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. त्यानंतर ओळी संपत जातात, म्हणून पुन्हा तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१.

म्हणजे उत्तरातला प्रत्येक आकडा त्या घरात किती १ आले एवढंच सांगतो. नऊ वेळा १ घेतले की मधल्या घरात नऊ १ येतात. झाला आपला डोंगर तयार.

पूर्ण यादी अशी :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१
११११११११ पर्यंत हाच क्रम चालतो (१२३४५६७८७६५४३२१), आणि नऊ एकांवर येते आपली संख्या.

दहा वेळा १ घेतले तर काय होतं? मधल्या घरात दहा येतात. दहा एका घरात मावत नाहीत, म्हणून शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. पुढच्या घरात नऊ आणि हातचा एक मिळून पुन्हा दहा. परत शून्य, परत हातचा. त्याच्या पुढच्या घरात आठ आणि एक नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीवरचा ८ गायब झाला आणि डोंगर कोसळला.

म्हणून आपली १७ आकडी संख्या या मालिकेतली शेवटची नीटनेटकी संख्या आहे. ही मर्यादा आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. संगणकवाले वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत हाच डोंगर पंधरा पायऱ्या चढतो. संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत तो ११ × ११ लाच कोसळतो.

डोंबिवली आणि देवळालीचे मास्तर

या मालिकेचा बारकाईने अभ्यास केला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. शाळा ठाण्यात झाली आणि कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

मुंबईपासून साधारण तीस मैलांवर तेव्हाच्या जीआयपी रेल्वेचं एक स्टेशन होतं, डेम्लो. आजचं डोंबिवली. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना कापरेकरांना या स्टेशनावर सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांचं नाव ठेवलं 'डेम्लो संख्या'. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी यांवर लेख लिहिला. पुढे या विषयावर त्यांचं पुस्तकही आलं.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? संख्येचे तीन भाग पाडा : डावा, मधला आणि उजवा. डाव्या आणि उजव्या भागाची बेरीज केली की मधल्याच आकड्याची रांग मिळाली पाहिजे.

उदाहरणार्थ १६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये ६. किंवा २५५३. डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५, मध्ये ५५. किंवा ४७७७३. चार आणि तीन सात, मध्ये ७७७.

आता आपली मोठी संख्या घ्या. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे राहतात १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. यांची बेरीज करा :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

मध्ये ९, आणि बेरजेत सगळे ९. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ. प्रत्येक जोडी नऊच. १ पासून सुरू होणाऱ्या या डोंगरासारख्या मालिकेला कापरेकरांनी 'वंडरफुल डेम्लो', म्हणजे अद्भुत डेम्लो संख्या म्हटलं.

संख्येच्या पोटात आणखी काय आहे?

*ती हर्षद संख्या आहे.* हे नावही कापरेकरांचंच. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज येते ८१. भागून बघा : १२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य. वरच्या मालिकेतल्या सगळ्याच संख्यांना हे जमत नाही. १२१ च्या आकड्यांची बेरीज ४, पण १२१ ला ४ ने भाग जात नाही. नऊ संख्यांपैकी फक्त तीन हर्षद आहेत : १, १२३२१ आणि आपली ही.

*आकड्यांची बेरीजसुद्धा वर्ग आहे.* १२१ च्या आकड्यांची बेरीज ४ म्हणजे दोनाचा वर्ग. १२३२१ ची ९ म्हणजे तिनाचा वर्ग. आपल्या संख्येची ८१ म्हणजे नवाचा वर्ग. जितके १ घेतले, त्याचा वर्ग. नऊ ओळींत नऊ-नऊ १ मांडले होते, एकूण ८१. हातचा कुठेच नसल्यामुळे ते सगळेच्या सगळे उत्तरात उतरतात.

*तिचे मूळ अवयव तीनच.* १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, तिचे आणखी तुकडे होत नाहीत. आपली संख्या या सगळ्याचा वर्ग, म्हणून तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. तिला निःशेष भाग देणाऱ्या एकूण ४५ संख्या आहेत. विभाजकांची संख्या विषम आली, हीच ती पूर्ण वर्ग असल्याची खूण.

*पोटात लपलेला १२३४५६७९.* १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात. यात ८ नाही. या संख्येला १८ ने गुणलं की २२२२२२२२२, २७ ने गुणलं की ३३३३३३३३३. रीलमध्ये बघितलेली ती 'जादू' हीच.

*ती कापरेकर संख्या मात्र नाही.* कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते. जसं ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. किंवा २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. १११११११११ ला हे जमतं का? तिच्या वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. मूळ संख्येच्या बरोबर नऊपट. देखणं उत्तर, पण नियमात बसत नाही.

मास्तरांचं पुढे काय झालं?

कापरेकरांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ६१७४. सगळे आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या. तिच्या आकड्यांतून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या बनवून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच.

३५२४ घेऊन बघा. ५४३२ – २३४५ = ३०८७. मग ८७३० – ०३७८ = ८३५२. मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. पण भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा आकड्यांचा खेळ वाटला. कापरेकर स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायचे आणि परिषदांना जायचे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्यायचे. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि हे नाव जगभर पोहोचलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

आता तुमच्या फोनकडे परत येऊ

संगणकाने ३२१ चं ३२० का केलं?

बहुतेक प्रोग्रॅम मोठ्या संख्या ठेवायला ६४ खणांचा एक ठरलेला साचा वापरतात. त्यातले काही खण संख्येचं चिन्ह आणि तिचा आवाका सांगण्यात जातात. प्रत्यक्ष आकड्यांसाठी हातात राहते ५३ खणांची जागा. प्रत्येक खणात शून्य किंवा एक. यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या बिनचूक बसते. म्हणजे साधारण ९० कोटी कोटीपर्यंत.

आपली संख्या १२३ कोटी कोटी. ती या कुंपणाबाहेर आहे. कुंपणाबाहेर गेलं की साचा फक्त सम संख्या ठेवू शकतो, मधली प्रत्येक विषम संख्या सुटते. आपली संख्या विषम, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर ढकललं जातं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हा गुणाकार करून बघा, १२३४५६७८९८७६५४३२० दिसेल.

तुम्ही रोज वापरता त्या अ‍ॅपलाही ही अडचण आली होती. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटना नंबर द्यायची पद्धत बदलली आणि हे नंबर त्या ५३ खणांच्या कुंपणापलीकडे जाणार होते. ब्राउझरमध्ये शेवटचे आकडे बदलले तर भलतंच ट्वीट उघडेल. म्हणून ट्विटरने प्रत्येक ट्वीटचा नंबर दोनदा पाठवायला सुरुवात केली. एकदा संख्या म्हणून आणि एकदा साधा मजकूर म्हणून. आज एखाद्या ट्वीटची लिंक उघडलीत तर शेवटी १९ आकडी नंबर दिसेल.

एक्सेलचा नियम आणखी कडक आहे. ते पहिले १५ आकडे ठेवतं आणि त्यानंतरच्या प्रत्येक आकड्याच्या जागी शून्य टाकतं. आपली १७ आकडी संख्या तिथे १२३४५६७८९८७६५४३०० होते. आणि हे करताना एक्सेल तुम्हाला कसलीच सूचना देत नाही.

हिवरखेडची ती यादी

हे मला कळलं ते हिवरखेडला, घरी गेले होते तेव्हा. काकूच्या बचत गटातल्या बायांची यादी करायची होती : नाव, मोबाइल, खाते क्रमांक. मी पासबुकं बघून स्प्रेडशीटमध्ये टाइप केलं, प्रिंट काढली आणि काकूच्या हातात दिली. खाते क्रमांक १६ आकडी होते.

काकूने चष्मा लावून यादी पाहिली आणि विचारलं, "सगळ्याईच्या नंबराले शेवटी शून्यच कसं काय वं?"

पासबुकावर कुणाचा शेवट ७ होता, कुणाचा ३. माझ्या यादीत सगळ्यांच्या शेवटी ०. टाइप करताना मी प्रत्येक नंबर दोनदा तपासला होता. चूक बोटांची नव्हती. खण कोणत्या प्रकारचा आहे हे मी बघितलंच नव्हतं.

यात धोका काय? नेफ्टसारख्या व्यवहारात पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. फक्त खाते क्रमांकाच्या आधारावर रक्कम जमा करण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच घालून दिली आहे. सोबत लिहिलेलं नाव जुळतं का, हे बघितलं जाईलच असं धरून चालता येत नाही. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय नेफ्ट आणि आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. ती सोय जरूर वापरा. पण यादीतच नंबर चुकला असेल, तर आधी ती यादी दुरुस्त करावी लागते.

कुठले नंबर सुरक्षित, कुठले नाही?

मोबाइल नंबर १० आकडी आणि आधार १२ आकडी. हे १५ च्या आत आहेत, त्यांचा शेवट जात नाही.

डेबिट कार्डाचा नंबर १६ आकडी, आधारचा व्हर्च्युअल आयडी १६ आकडी आणि काही बँकांचे खाते क्रमांकही १६ आकडी. यांचा शेवटचा आकडा शून्य होतो.

खाते क्रमांकाची सुरुवात शून्याने होत असेल, तर तो कितीही आकडी असो, सुरुवातीची शून्यं गळतात.

उपाय सोपा आहे :

१. आधी तो पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा. टाइप केल्यानंतर प्रकार बदलून गेलेला आकडा परत येत नाही.
२. किंवा नंबराच्या आधी एक अवतरण चिन्ह (') टाका. ते छापून येत नाही.
३. दुसऱ्याने पाठवलेली सीएसव्ही फाइल थेट उघडून सेव्ह करू नका. आधी 'इम्पोर्ट' करा आणि नंबरांचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.
४. यादी पूर्ण झाली की फक्त शेवटचे आकडे वरून खाली वाचा. सगळेच शून्य दिसले तर थांबा.

आजोबांच्या काळातला ताळा

संगणकाची ही चूक पकडायला संगणक लागत नाही. पूर्वी शाळेत गुणाकाराचा 'ताळा' बघायला शिकवायचे. संख्येच्या आकड्यांची बेरीज करत जायचं, एकच आकडा उरेपर्यंत. दोन्ही संख्यांचे असे आकडे काढून गुणायचे, आणि ते उत्तराच्या आकड्याशी जुळतंय का ते बघायचं.

१११११११११ च्या आकड्यांची बेरीज ९. नवं नवं एक्याऐंशी, आठ आणि एक नऊ. म्हणजे उत्तराचा ताळा ९ यायला हवा.

खरं उत्तर, शेवटी ३२१ : बेरीज ८१, ताळा ९. जमला.
ब्राउझरचं उत्तर, शेवटी ३२० : बेरीज ८०, ताळा ८. चूक.
एक्सेलचं उत्तर, शेवटी ३०० : बेरीज ७८, मग १५, मग ६. चूक.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ताळा जमला नाही तर उत्तर नक्की चुकलेलं असतं, पण ताळा जमला म्हणून ते बरोबरच असेल असं नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि ताळ्याला ती कळत नाही. २७ च्या जागी ७२ लिहिलं तरी ताळा ९ च.

कार्ड आणि आधारच्या नंबरांमध्ये याच कल्पनेची सुधारलेली रूपं वापरली आहेत. कार्डाचा शेवटचा आकडा आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांच्या पद्धतीने ठरतो. एक आकडा चुकला तर तो पकडला जातोच, शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदलही बहुतेक वेळा पकडली जाते. आधारचा बारावा आकडा डच गणितज्ञ याकोबस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ठरतो. त्यात एका आकड्याची चूक आणि शेजारच्या आकड्यांची अदलाबदल, दोन्ही नेहमीच पकडल्या जातात. म्हणून ऑनलाइन फॉर्ममध्ये आधारचा एक आकडा चुकला की लगेच लाल अक्षरं दिसू शकतात. अर्थात, नंबर या परीक्षेत पास झाला म्हणजे तो खरोखर कुणाला दिलेलाच आहे, असं होत नाही.

खाते क्रमांकांना मात्र सगळ्या बँकांत एकसारखा ताळा नाही. तिथे पासबुक समोर ठेवून वाचण्याला पर्याय नाही.

आम्ही तेच केलं. रकान्याचा प्रकार टेक्स्ट केला, सगळे नंबर नव्याने टाइप केले. काकूने एकेक पासबुक उघडून शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचले आणि मी यादीवर खूण करत गेले. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतरच यादी पुढे पाठवली.